नवं व्हर्जन घ्यायचं की नाही? आधी जुन्या फाइली उघडून बघा

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून आपल्या गावातल्या प्रेसवाल्यांमध्ये आणि फ्लेक्सवाल्यांमध्ये एकच विषय आहे. कॉम्प्युटरवाला म्हणतो, मशिन बदला. मशिन बदललं की जुनं पेजमेकर चालेलच याची खात्री नाही. जुनं कोरल चाललं तरी रडत-खडत चालणार. मग नवं सॉफ्टवेअर घ्यायचं का? दर वर्षी भाडं भरायचं का? की आहे तेच एक्सपीचं मशिन झाकून-पुसून अजून दोन वर्षं ओढायचं? मी सॉफ्टवेअरवाला नाही, पण वीस-बावीस वर्षं बातम्या लिहितोय आणि त्यातली निम्मी वर्षं ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभं राहून पान लावून घेण्यात गेली. म्हणून लोक मलाही विचारतात.

या प्रश्नाचं उत्तर दुकानाच्या कोटेशनमध्ये सापडत नाही, इतिहासात सापडतं. मराठी छपाईपुढे हा प्रश्न कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून उभा आहे. प्रत्येक नवं यंत्र आलं की ते मराठीला म्हणतं, "माझ्या मापात बस." आणि प्रत्येक वेळी आपण काहीतरी कमावतो आणि काहीतरी मागे सोडून येतो.

सुरुवात शिशाच्या खिळ्यांपासून करू. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, मोठी आणि लहान मिळून बावन्न. आकडे आणि चिन्हं धरली तरी एका माणसाच्या हाताशी मावेल एवढा संसार. मराठीत मात्र काने, मात्रे, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. सगळं धरलं तर शेकडो खिळे. त्यामुळे मराठी खिळे जुळवणाऱ्याला केसच्या चारी बाजूंना हात फिरवावा लागायचा. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. लगेच पुढच्या वर्षी, ६ जानेवारी १८३२ ला, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. तो दिवस आम्ही पत्रकार दरवर्षी हार-तुरे घेऊन साजरा करतो. पण त्या अंकातलं एकेक जोडाक्षर कोणीतरी बोटांनी उचलून बसवलं होतं, याची आठवण भाषणात फारशी निघत नाही.

खिळे कमी कसे करायचे, हा मराठीपुढचा पहिला 'अपग्रेड'चा प्रश्न. लोकमान्य टिळकांनी 'केसरी' चालवता चालवता देवनागरी टाइपांची संख्या कमी करायचा खटाटोप केला. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं ठेवण्याऐवजी 'अ'लाच वेलांटी आणि उकार लावायचे, म्हणजे तेवढे खिळे वाचतात. काही नियतकालिकांनी ती लिपी वापरलीही. जुन्या ग्रंथालयात अशी पुस्तकं अजून हाताला लागतात आणि आजची पोरं 'अिथे' वाचून छपाईची चूक समजतात. ती चूक नव्हती. यंत्रासाठी लिपीला मुरड घालायचा तो विचार होता.

या सगळ्यात एक गोष्ट मागे राहिली ती म्हणजे मोडी. शिवकाळापासून पेशवाईपर्यंत आणि पुढे इंग्रजी अमदानीतही रोजचा कारभार, हिशेब, खतं, पत्रं मोडीत होत होती. मोडीचे खिळे पाडले गेले, त्यात थोडी छपाई झालीही. पण छापखान्यात जम बसला तो बाळबोध देवनागरीचा. पुस्तकं बाळबोधीत, वर्तमानपत्रं बाळबोधीत, मग शाळाही बाळबोधीत. मोडी हाताने लिहायची लिपी म्हणून काही पिढ्या टिकली आणि विसाव्या शतकात हळूहळू शाळेतूनही गेली. ती जाऊ नये म्हणून कोणी रस्त्यावर उतरलं नाही. रोजचं काम बाळबोधीत छान चाललं होतं, मग कोणाला काय अडलं होतं?

अडलं ते नंतर. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत आणि ते सरसर वाचणारी माणसं मोजकी. २०२३ मध्ये शासनाने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा तालुक्या-तालुक्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली ती आपण सगळ्यांनी पाहिली. आरक्षणाबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो, तो आजचा विषय नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना दिसली. कागद जाग्यावर होता, शाई शाबूत होती, नोंदही होती. फक्त ती वाचणारा माणूस नव्हता.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आता कॉम्प्युटरकडे येऊ.

१९८५ मध्ये अमेरिकेत 'आल्डस' नावाच्या कंपनीने पेजमेकर आणलं. पॉल ब्रेनर्ड हा तिचा संस्थापक, आणि 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्द त्यानेच चालवला. आपण ज्याला डीटीपी डीटीपी म्हणतो ते हेच. कंपनीचं नाव त्याने व्हेनिसच्या आल्डस मानुतियस या पाचशे वर्षांपूर्वीच्या मुद्रकावरून ठेवलं होतं. वर्तमानपत्राचं पान आता एका टेबलावर, एका माणसाला, पडद्यावर बघत लावता येऊ लागलं. १९८९ मध्ये कॅनडातून कोरलड्रॉ आलं. १९९४ मध्ये ॲडोबीने आल्डस विकत घेतली आणि पेजमेकर ॲडोबीचं झालं.

ही सगळी सॉफ्टवेअर इंग्रजी समोर ठेवून केलेली. त्यांच्या लेखी अक्षर म्हणजे २५६ खणांच्या कपाटातला एक खण. त्यातलेही काही खण यंत्राच्या कामासाठी राखीव. मराठी या कपाटात बसवायची कशी?

आपल्याकडच्या हुशार माणसांनी यावर दोन वाटा काढल्या. पहिली वाट सरळ होती. आयआयटी कानपूरला १९८० च्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांचं काम उभं केलं. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि 'जिस्ट' या नावाने ओळखलं गेलं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं संकेत-प्रमाणही ठरलं, १९९१ मध्ये त्याला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्यातला विचार असा की 'क' म्हणजे 'क', 'वेलांटी' म्हणजे 'वेलांटी'. मजकूर साठवताना भाषा साठवायची, त्याचा आकार कसा दिसावा ते नंतर बघायचं.

दुसरी वाट आडवळणाची, पण तीच धंद्याच्या कामाला आली. पेजमेकर आणि कोरलला भाषा कळत नाही ना? मग त्यांना कळू द्यायचीच नाही. फाँटच असा करायचा की इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी अक्षराचा तुकडा ठेवायचा. सॉफ्टवेअरला वाटतं इंग्रजी चाललंय, पडद्यावर दिसतं मराठी. उदाहरण सांगतो. कृतीदेव फाँटमध्ये तुम्ही 'भारत' टाइप केलंत, तर फाइलच्या पोटात साठतात ती इंग्रजीची पाच अक्षरं: एच, के, के, जे, आर. 'एच'च्या खणात अर्धा भ, 'के'च्या खणात काना, 'जे'च्या खणात र, 'आर'च्या खणात त. पहिला काना 'भ' पुरा करायला, दुसरा काना 'भा' करायला. फाँट अंगावर आहे तोवर तो 'भारत'. फाँट काढा, उरतो अर्थ नसलेला इंग्रजी अक्षरांचा ढीग.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूची आकृती, सी-डॅकचं आयएसएम, कृतीदेव असे एकाहून एक फाँट बाजारात आले. गंमत म्हणजे प्रत्येकाचे खण वेगळे. एकाच्या 'के'मध्ये काना, तर दुसऱ्याच्या 'के'मध्ये भलतंच काही. प्रेस बदलली की फाइलही परकी झाली.

मी याला नावं ठेवत नाही. उलट, या जुगाडाने मराठीवर उपकार केलेत. तालुक्याच्या गावात साप्ताहिकं निघाली ती याच जोरावर. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, यात्रेची हँडबिलं, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, दिवाळी अंक, कवींचे पहिले-वहिले संग्रह, सगळं या फाँटांत झालं. ट्रेडल मशिनवर खिळे जुळवणारी कितीतरी माणसं पन्नाशीत की-बोर्ड शिकली आणि घर चालवत राहिली. हाताने बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांची मुलं कोरलवर बसली आणि फ्लेक्सचा धंदा उभा राहिला.

आता मुख्य मुद्दा. बाहेरचे लोक आपल्या प्रेसवाल्यांना हसतात. "अजून पेजमेकर वापरता? अजून कोरलचं बारा नंबर?" त्यांना वाटतं, आळस आहे किंवा अडाणीपणा आहे. मला तसं वाटत नाही. अपग्रेड न करण्यामागे पक्की कारणं होती.

एक, नव्या व्हर्जनमध्ये मराठीसाठी काहीच नवं नसायचं. इंग्रजी डिझायनरला सावल्या मिळाल्या, पारदर्शक रंग मिळाले, फोटोची करामत मिळाली. आपल्याला काय मिळालं? जुना फाँट नव्या व्हर्जनमध्ये नीट बसेल का, ही भीती.

दोन, साखळी. गावातला डिझायनर, जिल्ह्याचा फ्लेक्स छापणारा, प्लेट काढणारा, ऑफसेटवाला हे सगळे एकाच माळेचे मणी. छापणाऱ्याकडे जुनं कोरल असेल, तर तुम्ही नवं घेऊन करता काय? फाइल खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करूनच द्यावी लागते, नाहीतर मजकूर कर्व्ह करून. म्हणजे साखळीतला सगळ्यात जुना माणूस सगळ्यांचं व्हर्जन ठरवतो.

तीन, हात. पंधरा वर्षं एकाच की-बोर्डवर चाललेला हात बातमी ऐकता ऐकता टाइप करतो. तो हात मोडून नवा शिकायचा म्हणजे काही महिने निम्मं काम. साप्ताहिकाला तेवढी उसंत कुठे?

चार, पैसा. आणि इथे खरं बोलायचं तर, आपल्या भागात बहुतेकांनी ही सॉफ्टवेअर विकत घेतलीच नव्हती. शहरातून सीडी यायची, ती सगळ्या बाजारपेठेत फिरायची. फुकटच्या वस्तूला अपग्रेड नसतं, फक्त पुढची सीडी असते.

ही चार कारणं एकत्र धरा आणि मग जगात काय चाललं होतं ते बघा. १९९९ मध्ये ॲडोबीने इनडिझाइन आणलं. २००१ मध्ये पेजमेकर ७ आलं, आणि तेच शेवटचं ठरलं. २००४ मध्ये ॲडोबीने पेजमेकरचं पुढचं काम थांबवत असल्याचं सांगितलं. म्हणजे आज जे पेजमेकर आपल्या गावात पान लावतंय ते जवळपास पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज त्याच्यासमोर ऑपरेटर म्हणून बसलीत.

दरम्यान पहिली, सरळ वाट पुन्हा उजेडात आली होती. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच कपाट, प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा खण, असा युनिकोडचा विचार १९९१ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात देवनागरी पहिल्यापासून होती, आणि तिची मांडणी आपल्या इस्कीवरच बेतलेली होती. म्हणजे पुण्या-कानपुरात झालेलं काम जगाच्या कपाटात जाऊन बसलं. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली, तिच्यासोबत मुंबईच्या आर. के. जोशी सरांच्या हातचा 'मंगल' फाँट आला. आज मोबाइलवर तुम्ही हे वाचताय ते युनिकोडमुळे. कुठला फाँट टाकलाय, हे तुम्हाला विचारावंसंही वाटलं नाही.

पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही, ते त्याच्या नंतरचं जग आहे. म्हणून तर व्हॉट्सॲपवर आलेली बातमी पेजमेकरमध्ये चिकटवली की प्रश्नचिन्हांची रांग लागते. मग एक कन्व्हर्टर हवा. बातमी युनिकोडमधून जुन्या फाँटात उलटी न्यायची, पान लावायचं, छापायचं. आणि तीच बातमी फेसबुकवर टाकायची तर पुन्हा जुन्यातून युनिकोडमध्ये. ही उलटी-सुलटी वारी आपल्याकडे अजून रोज चालते.

आता २०१२ साल बघा, कारण सगळा गुंता त्या वर्षाशी येऊन थांबतो. त्या वर्षी ॲडोबीचं सीएस ६ आलं. त्यातल्या इनडिझाइनमध्ये मराठीसह दहा भारतीय भाषा युनिकोडमध्ये नीट लावायची सोय आली. त्याच वर्षी कोरलनेही एक्स ६ मध्ये मजकुराची यंत्रणा नव्याने बसवली. इतकी वर्षं जे कारण आपण देत होतो, की नव्यात मराठीसाठी काही नाही, ते कारण त्या वर्षी संपलं. आणि बरोबर एक वर्षाने, मे २०१३ मध्ये, ॲडोबीने जाहीर केलं की यापुढचं नवं सगळं फक्त भाड्याने. क्रिएटिव्ह क्लाउड. पैसे भरा तोवर वापरा, थांबलात की कुलूप.

म्हणजे बघा, ज्या व्हर्जनमध्ये मराठीची गाडी पहिल्यांदा रुळावर आली, तेच एकदा पैसे मोजून कायमचं घेता येईल असं शेवटचं व्हर्जन ठरलं. आणखी एक गोष्ट त्याच सीएस ६ पाशी संपली. पेजमेकरच्या फाइली थेट उघडायची सोय इनडिझाइनमध्ये तोवरच होती, पुढे ती काढून टाकली. जुन्या घरातून नव्या घरात जायचा एक पूल होता. तो आपल्या डोळ्यादेखत होता आणि आपण दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करण्यात गुंग होतो.

याचं वाईट कुणाला वाटायला हवं? माझ्या मते फक्त प्रेसवाल्याला नाही, सगळ्या गावाला.

मागच्या वर्षी तालुक्यातलं एक जुनं साप्ताहिक बंद पडलं. संपादक वारले होते, मुलं नोकरीनिमित्त बाहेर. घर आवरताना कॉम्प्युटर भंगारात निघाला तेव्हा त्यांच्या मुलाने हार्ड डिस्क काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "काका, बाबांचं सगळं यात आहे. बघा काही उपयोग होतोय का." घरी येऊन लावली. फोल्डरची नावं बघूनच ऊर भरून आला. वर्षवार, महिनावार, शिस्तीत लावलेले अंक. नगरपालिकेच्या निवडणुका, पाणीटंचाई, बाजार समिती, यात्रा, निधनवार्ता. एकेक फाइल उघडायचा प्रयत्न केला. काही उघडल्याच नाहीत. ज्यांच्यातला मजकूर कसाबसा बाहेर काढला त्यात दिसली फक्त इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. कोणता फाँट होता तेही कुठे लिहिलेलं नाही. त्या ढिगात कुठेतरी तुमच्या आजोबांची निधनवार्ता असेल. कुठेतरी आपल्या शाळेला इमारत मिळाल्याची बातमी असेल. सगळं आहे आणि वाचता काहीच येत नाही.

मला तेव्हा मोडी आठवली.

फरक एवढाच की मोडीला वाचायला माणूस शिकवता येतो. अजूनही वर्ग चालतात, तरुण पोरं हौसेने शिकतात. आणि कागद दोनशे वर्षं टिकला. आपल्या या फाइलींना तेवढा वेळ नाही. हार्ड डिस्क काही वर्षांत मरते. सीडीचा थर उडतो. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरला लागणारं डोंगल हरवतं, ते लावायचं जुनं प्रिंटर पोर्ट नव्या मशिनला नसतंच. "छापील अंक आहेत की," असं कोणी म्हणेल. आहेत, पण वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून तुकडे होतात, हे कुठल्याही वाचनालयात जाऊन बघा. आणि छापील गठ्ठ्यात एक नाव शोधायला आठवडा जातो, युनिकोड मजकुरात एक क्षण.

म्हणून अपग्रेड करायचं का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे: सॉफ्टवेअरचं अपग्रेड थांबू शकतं, मजकुराचं थांबू शकत नाही. आपण इतकी वर्षं व्हर्जनच्या नंबरावर भांडलो. खरा प्रश्न अक्षरं कशात साठवली आहेत हा होता. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर उद्या ॲडोबी राहो, कोरल राहो किंवा तिसरंच कोणी येवो, तो उचलून कुठेही नेता येतो. तो जुन्या फाँटात असेल तर जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअर घेतलंत तरी तुम्ही त्याचे कैदीच.

व्यवहाराचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसतं भाषण दिलं.

ज्यांच्याकडे जुनं मशिन अजून चालू आहे त्यांनी ते विकायची घाई करू नका. ते आता कामाचं मशिन नाही, ती किल्ली आहे. त्याच्यावरच्या सगळ्या फाइली आणि सगळे फाँट दोन वेगवेगळ्या डिस्कवर घ्या, एक दुकानात आणि एक घरी. कुठल्या वर्षी कुठला फाँट वापरला ते एका वहीत लिहा. वहीत म्हणतोय, कॉम्प्युटरवर नाही. मग सवडीने प्रत्येक अंकाची पीडीएफ काढा. पीडीएफमध्ये निदान पान डोळ्यांना जसंच्या तसं दिसत राहील. फक्त एवढं लक्षात घ्या की दिसणं वेगळं आणि शोधता येणं वेगळं.

त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये न्या. जवळपास प्रत्येक जुन्या फाँटाचे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. आपली मराठी नाजूक आहे. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' यात फक्त त्या 'र'च्या आकाराचा फरक, पण पहिल्यात गुरुजींना पैसे मिळतात आणि दुसऱ्यात स्वयंपाक्याला. कन्व्हर्टर हमखास तिथेच घसरतो. वेलांटी आणि रफारही इकडे-तिकडे होतात. वाचून तपासायला माणूस लागतोच. निवृत्त शिक्षक आपल्या गावात भरपूर आहेत आणि त्यांच्यासारखे मुद्रितशोधक मिळायचे नाहीत.

आजपासून नवं काम मात्र युनिकोडमध्येच टाइप करा, भले शेवटी छपाईसाठी जुन्यात न्यावं लागलं तरी. मूळ प्रत युनिकोड ठेवा. एवढ्याने पुढची पंधरा वर्षं वाचतात.

आणि हे झाल्यावर सॉफ्टवेअरचा हिशेब करा, प्रत्येकाने आपापल्या वहीत. रोज पुस्तकं आणि अंक लावणाऱ्याला भाडं परवडू शकतं, कारण कन्व्हर्टरच्या वाऱ्या करण्यात जाणारा वेळही पैसाच आहे. वर्षाला दोन स्मरणिका करणाऱ्याला ते परवडणार नाही. त्याच्यासाठी स्क्रायबस नावाचं फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या त्याच्या १.६ व्हर्जनमध्ये देवनागरी लावता येते. कोरलसारख्या कामाला इंकस्केप आहे, तेही फुकट. दोन्ही शिकायला वेळ लागतो, आणि तुमचा छपाईवाला फक्त कोरलची फाइल मागत असेल तर त्याला पीडीएफ घ्यायची सवय लावावी लागेल. फाँटांचीही अडचण राहिलेली नाही. 'मुक्ता', 'बलू' यांसारखे मराठी माणसांच्या हातचे देखणे युनिकोड फाँट मोफत मिळतात. ज्याचं काम फक्त फ्लेक्सचं आहे आणि जुन्या कोरलवर ते धडधडीत चाललंय, त्याने कोणाच्या सांगण्यावरून कर्ज काढू नये. फ्लेक्स चार दिवसांत उतरतो, त्याचा इतिहास कोणी शोधणार नाही. फक्त फुकटच्या क्रॅकपासून सावध राहा. त्यासोबत काय येतं आणि सगळ्या फाइलींना कधी कुलूप लागतं, ते कळत नाही.

शेवटचं, आणि हे प्रेसवाल्यांपुरतं नाही. नगरपरिषद, पतसंस्था, साखर कारखाना, शाळा, वाचनालय या सगळ्यांकडे १९९० ते २०१५ या काळातले अहवाल, ठराव, स्मरणिका याच जुन्या फाँटांत पडून आहेत. ज्यांनी ते टाइप केले ते ऑपरेटर अजून आपल्यात आहेत, पन्नाशी-साठीत आहेत. कुठल्या वर्षी कुठला फाँट, कुठल्या कपाटात कुठली सीडी, हे त्यांच्या डोक्यात आहे. पेशव्यांच्या कारकुनांना आता विचारता येत नाही. यांना येतं. वाचनालयाच्या येत्या सभेत मी हा विषय लेखी देणार आहे: गावातल्या साप्ताहिकांच्या आणि संस्थांच्या जुन्या फाइली एका ठिकाणी जमा करायच्या आणि दर महिन्याला थोड्या थोड्या वाचनीय करायच्या. खर्च फार नाही. एक जुनं मशिन, दोन डिस्क, चार चष्मेवाले शिक्षक.

तुमच्या घरात, दुकानात, कपाटात अशी एखादी सीडी, डिस्क किंवा डोंगल पडलं असेल तर भंगारात देऊ नका. मला फोन करा, मी येऊन घेऊन जातो.